शेतरस्त्याचा दावा: गावातच शेती असलेल्या तालुक्याच्या वकिलासाठी

तालुक्याला वकिली, गावात स्वतःची शेती आणि चार माणसांत शब्दाला मान, अशा माणसाच्या दारात शेतरस्त्याचं भांडण आल्याशिवाय राहत नाही. पेरणीच्या तोंडावर येतं, ऊसतोडीला पुन्हा येतं. रस्ता मागणारा ओळखीचा असतो आणि अडवणारा बहुधा त्याच्याहून जवळचा. म्हणून कलम कोणतं लावायचं हे नंतर बघा. आधी आपण या भांडणात कोण म्हणून बसणार, ते ठरवा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतले तीन नियम इथे थेट लागू पडतात. ज्या प्रकरणात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल असं दिसतं, त्यात वकीलपत्र घ्यायचं नाही. तंटामुक्त समितीच्या बैठकीत बसून बांधावर जाऊन आला असाल, तर तुम्ही साक्षीदार होऊ शकता, हे धरून चाला. दुसरं, ज्यात आपला आर्थिक हितसंबंध आहे ते प्रकरण चालवायचं नाही. मागितलेला रस्ता पुढे तुमच्याच गटाला लागणार असेल, तर दुसरा वकील सुचवा. तिसरं, एका बाजूला सल्ला दिला असेल किंवा तिचा मसुदा केला असेल, तर त्याच प्रकरणात समोरच्याचं काम घेता येत नाही. ओट्यावर चहा पिताना कागद बघून दिलेला सल्ला हाही सल्लाच.

मध्यस्थ म्हणून बसायचं असेल तर दोघांसमोर आधीच सांगून टाका: "दादा, मी मिटवायला बसतोय. नाही मिटलं तर तुमच्यापैकी कुणाचंच वकीलपत्र मी घेणार नाही." मग फीही कुणाकडून घेऊ नका. आणि "रस्ता मिळाला की कोपऱ्यातले दोन गुंठे तुमचे" हा प्रस्ताव हसून टाळण्यासारखा नाही, स्पष्ट नाकारण्याचा आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे.

काम घ्यायचं ठरलं की एकच प्रश्न विचारा: रस्ता होता आणि अडवला, की रस्ता नव्हताच? सगळी केस या उत्तरावर उभी राहते.

वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. दावा तहसीलदारापुढे, अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. इथे रस्ता बांधावरूनच असला पाहिजे असं नाही, शेताच्या मधून गेलेली जुनी वाटही चालते. सिद्ध काय करायचं, तर रस्ता वापरात होता, समोरच्याने कायदेशीर अधिकाराशिवाय अडवला, आणि अमुक तारखेला अडवला.

रस्ता नव्हताच, किंवा होता पण ६ महिने उलटून गेले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. यात तहसीलदार दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या सीमेवरून जाण्या-येण्याचा हक्क ठरवतो. शब्द सीमेवरून असा आहे. म्हणून कुणाचं रान मधोमध चिरून रस्ता मागू नका, तो आदेश वर टिकत नाही. कसणाऱ्याला शेतात जाण्यासाठी वाजवी वाट हवी, एवढीच कसोटी असते. दुसरा रस्ता आहे पण लांबून आहे, एवढ्यावर ही मागणी उभी राहणं कठीण.

सगळ्यात जास्त अर्ज बिघडतात ते शीर्षकातच. "कलम १४३ व मामलेदार न्यायालय अधिनियम कलम ५ अन्वये" असं दोन्ही लिहून मोकळं व्हायचं, मग चौकशी एकाची आणि आदेश दुसऱ्याचा. असा आदेश प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, पहिल्या तारखेलाच डळमळतो. दोन्ही आधार खरोखर असतील तर दोन वेगळे अर्ज करा.

दिवाणी कोर्टाची वाट केव्हा? गटातला तुकडा विकत घेतला आणि विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून गेल्याशिवाय आत जाताच येत नाही, तेव्हा सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १३ चा गरजेचा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारखा वापराचा हक्क. २० वर्षांच्या उघड, शांत आणि अखंड वापराचा दावा असेल तर कलम १५. मात्र तो २० वर्षांचा काळ दावा दाखल करण्याआधीच्या २ वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. पाच वर्षं वाट बंद असताना गप्प बसलेला पक्षकार इथे अडकतो.

कागद गोळा करताना सातबारा सगळेच आणतात. गाव नकाशा फारसा कुणी आणत नाही, आणि निकाल पुष्कळदा त्यावरच फिरतो. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल काढा. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव. नकाशात पायमार्ग असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीचा रस्ता "पूर्वापार" होता असं लिहिलं, की उलटतपासात पहिला वार तिथेच बसतो.

दुसरा खड्डा गटवारीचा. जुन्या नकाशावर सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर. विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणात हद्दी बदललेल्या असू शकतात. जुना-नवा नंबर दाखवणारा उतारा जोडा, नाहीतर रस्ता भलत्याच्या रानातून दाखवला जातो. रस्ता ज्या ज्या गटातून किंवा सीमेवरून जातो, त्या प्रत्येक खातेदाराला सामनेवाला करा. सामाईक खातं असेल तर सगळ्या नावांना. परगावी राहणाऱ्या बहिणीचं नाव सोडलं, की आदेशानंतर तीच पुढे येते आणि "मला नोटीसच नव्हती" म्हणते. बहुतेक वेळा ती खरंच बोलत असते.

आता विनंतीचा मजकूर. "तरी मेहरबानांनी आम्हास रस्ता द्यावा" यावर अंमलबजावणी होत नाही. साधारण असं लिहा: "गट नं. अमुकच्या पूर्व बांधालगत, उत्तरेस शिवरस्त्यापासून दक्षिणेस अर्जदाराच्या गटापर्यंत, इतक्या फूट लांब व इतक्या फूट रुंद रस्त्यावर सामनेवाले यांनी अमुक तारखेस चारी खोदून व काटेरी फांद्या टाकून केलेला अडथळा दूर करावा, आणि पुढे अडथळा करू नये असा मनाई हुकूम व्हावा." गट, दिशा, सुरुवात, शेवट, लांबी, रुंदी, तारीख, अडथळ्याचा प्रकार. यातलं एक गळालं तरी मंडळ अधिकारी आदेश हातात घेऊन बांधावर उभा राहतो आणि दोर कुठून धरायचा ते त्याला कळत नाही. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडा, उत्तर दिशेची खूण विसरू नका. अर्जाखाली सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं, हवंच.

रुंदी मागताना भावनेत वाहू नका. मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद देण्याची दिशा आहे, तो जोडता येतो. कलम १४३ खाली दोन्ही बाजूंच्या गटांतून निम्मी निम्मी रुंदी सुचवली तर विरोध बराच मावळतो. एकाच्याच पदरातून बारा फूट गेले की तो वरपर्यंत लढतो.

स्थळपाहणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. केस खरी तिथे घडते. जुनी चाकोरी दिसते का, बांध कुठे कापलेला आहे, रस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडं किती जुनी, मध्ये पीक असेल तर ते या हंगामातलं की बांधावरचा ऊस दोन खोडव्यांचा, हे सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. ताजी नांगरट केलेली पट्टी लगेच ओळखू येते, कारण चाकांनी दाबलेल्या जमिनीची ढेकळं मोठी आणि टणक निघतात, शेजारच्या रानाची भुसभुशीत. पंच दोघांच्याही भावकीबाहेरचे असावेत. सामनेवाल्याला पाहणीची नोटीस पोचल्याची सही फाइलमध्ये आहे ना, ते आदल्या दिवशी तपासा. त्याच्या गैरहजेरीत, नोटिसीविना केलेला पंचनामा फेरतपासणीत (रिव्हिजनमध्ये) कामाला येत नाही. पावसाळ्यात पाहणी लांबते आणि चाकोरी धुऊन जाते, तेव्हा अर्ज करतानाच तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा.

मिटत असेल तर मिटवा, पण कागद नीट करा. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार गावात फार लोकप्रिय आहे. उद्या जमीन विकली की नवा मालक तो ओळखत नाही. स्थावरावर कायमचा हक्क निर्माण करायचा तर दस्त नोंदवावा लागतो. तहसीलदारापुढे प्रकरण चालू असेल तर तिथेच तडजोड दाखल करून त्यावर आदेश घ्या. दिवाणी दावा असेल तर लोकअदालत बरी: तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते.

निकालानंतर मुदती दोन्हीकडे वेगळ्या आहेत. कलम ५ च्या निर्णयावर अपील नाही, फेरतपासणी होते. ती जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार असली तरी बहुधा प्रांत चालवतात. कलम १४३ च्या आदेशावर ६० दिवसांत प्रांताकडे अपील, किंवा एका वर्षात दिवाणी दावा. दिवाणी दावा एकदा दाखल झाला की महसुली अपील व फेरतपासणी बंद, म्हणून घाईने दोन्हीकडे धावू नका. जिंकलात तर दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाका, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, तो ९० दिवस टिकतो, तारीख डायरीत लिहा.

रस्ता खुला करताना मंडळ अधिकाऱ्याकडून पंचनामा करून घ्या आणि दोन्ही टोकांना दगड रोवा. मनाई हुकूम मोडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. त्याच आठवड्यात आदेशाची प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, देऊन ज्या गटातून रस्ता जातो त्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात फेरफार घ्यायला लावा. अशील आपल्याच सातबाऱ्यावर नोंद झाली म्हणून खूश होतो, पण नोंद समोरच्याच्या उताऱ्यावर हवी. फेरफार प्रमाणित होईपर्यंत फाइल बंद करू नका.