मटकी, विरजण आणि मेणबत्ती : सजीवांची लक्षणे घरी तपासण्याची पद्धत

सजीव कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर शाळेत सहसा यादीच्या रूपात पाठ करून घेतले जाते : वाढ, पोषण, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, हालचाल, प्रजनन, ठरावीक आयुर्मान आणि पेशीमय रचना. यादीत चूक काहीच नाही. मात्र ती पाठ असलेल्या मुलासमोर एखाद्या संध्याकाळी मेणबत्ती लावून ठेवावी आणि ‘ही ज्योत सजीव का नाही?’ असे विचारावे. ज्योत मेण खाते, तिला ऑक्सिजन लागतो, ती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, वाऱ्याची झुळूक आली की हलते, एका वातीवरून दुसऱ्या वातीवर जाते आणि वर पेला पालथा घातला की काही क्षणांत विझते. यादीतील निम्म्याहून अधिक लक्षणे तिच्यात सापडतात, आणि तरीही ती सजीव नाही.

म्हणून लक्षणे पाठ करण्यापेक्षा तपासून पाहावीत, आणि तपासताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य असे की कोणत्याही एका लक्षणावरून निकाल देऊ नये. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते : प्रत्येक जिवंत वस्तूच्या शेजारी तीच वस्तू मृतावस्थेत ठेवावी आणि दोघांत नेमका कोणता फरक पडतो ते पाहावे. मटकी आणि खडा यांची तुलना करून फारसे काही हाती लागत नाही, कारण त्या दोघांत सगळेच वेगळे असते. मोड आलेली मटकी आणि उकडलेली मटकी शेजारी ठेवली की पदार्थ तोच, आकार जवळपास तोच, आणि जो फरक उरतो तो जिवंतपणाचाच असतो. ‘निर्जीव’ आणि ‘मृत’ हे शब्दही या निमित्ताने वेगळे करावेत : खडा निर्जीव आहे, कारण तो कधीच जिवंत नव्हता, उकडलेली मटकी मृत आहे.

तयारी

दोन वाट्या मटकी, पानाच्या टपरीवर मिळणारा थोडा चुना, घट्ट झाकणाच्या तीन सारख्या काचेच्या बरण्या, त्यांत मावतील अशा तीन लहान वाट्या, दोन थर्मास, बुटांचा रिकामा खोका, चमचाभर दही, थोडे दूध, एक लिंबू आणि एक कांदा एवढे साहित्य पुरते. तापमापक प्रयोगशाळेतला असावा. तापाचा तापमापक शरीराच्या तापमानाच्या आसपासचेच अंश दाखवतो, त्यामुळे तो येथे उपयोगाचा नाही.

चुन्याची निवळी आदल्या रात्री करून ठेवावी. हरभऱ्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळावा, पेला झाकून ठेवावा आणि सकाळी वरचे नितळ पाणी तळाचा गाळ न हलवता अलगद ओतून घ्यावे. चुना डोळ्यांना घातक असल्याने हे काम मोठ्या माणसाने करावे. मटकी सात-आठ तास भिजवावी. त्यानंतर तिचे दोन भाग करून एक भाग दहा मिनिटे उकळून गार करावा आणि दुसरा ओल्या फडक्यात बांधून मोड येऊ द्यावेत. उकळण्याचे काम मोड आल्यानंतर केले तरी चालते, किंबहुना तेच बरे. त्याचे कारण पुढे येईल.

भिजवलेली मटकी फुगते, आणि मुले हटकून ‘मटकी वाढली’ असे म्हणतात. येथे थांबावे. मेलेले बीसुद्धा पाण्यात घातले की फुगते, कारण कोरडा पिष्टमय आणि प्रथिनयुक्त गर पाणी शोषून घेतो. सुका स्पंज फुगतो तसाच हा प्रकार आहे. टरफल फाडून मूळ बाहेर येते आणि त्याच्या पेशी विभागू लागतात, तेव्हा वाढ सुरू झाली असे म्हणावे. तुरटीच्या किंवा खडीसाखरेच्या स्फटिकालाही या कसोटीवर घासून पाहता येते. तो मोठा होतो खरा, पण बाहेरून थरावर थर चढून, आणि तेही द्रावणात आधीच असलेला तोच पदार्थ चिकटून. सजीव मात्र बाहेरून घेतलेले अन्न आत मोडतो, त्यापासून स्वतःला हवा तो निराळा पदार्थ घडवतो आणि आतून वाढतो.

श्वसन आणि उत्सर्जन

पहिल्या बरणीत मोड आलेली मटकी घालावी, दुसरीत उकळलेली, आणि तिसरी रिकामी ठेवावी. प्रत्येक बरणीत निवळीने भरलेली एकेक वाटी अलगद उभी ठेवून झाकणे घट्ट लावावीत. रात्री मांडणी केली तर सकाळपर्यंत निकाल दिसतो : मोडांच्या बरणीतील निवळी दुधासारखी पांढुरकी होते, कारण मटकीने बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडची चुन्याशी क्रिया होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. रिकाम्या बरणीतही निवळीवर पातळशी साय धरू शकते, कारण साध्या हवेतही हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतोच. हे माहीत नसेल तर त्या सायीवरून भलताच निष्कर्ष निघतो. तिसरी बरणी ठेवायची ती एवढ्यासाठीच.

हा प्रयोग मी पहिल्यांदा मांडला तेव्हा बरण्या उचलण्याचा आळस केला आणि त्या तीन दिवस तशाच राहिल्या. तिसऱ्या दिवशी उकळलेल्या मटकीच्या बरणीतील निवळीही पांढरी झालेली होती. मेलेली मटकी श्वास घेऊ लागली की काय, असा प्रश्न पडला. पण झाकण उघडताच आलेल्या आंबूस वासाने त्याचे उत्तर दिले. दाणे बोटाला बुळबुळीत लागत होते. मटकी मेलेलीच होती, तिच्यावर वाढलेले जीवाणू मात्र चांगलेच जिवंत होते आणि निवळी त्यांनी पांढरी केली होती. प्रयोग फसला खरा, तरी त्याने नीट पार पडलेल्या प्रयोगापेक्षा अधिक शिकवले. हे जीवाणू मटकीतून ‘आपोआप’ उपजत नाहीत, हवेतून आणि हातांवरून येतात. लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंमध्ये उकळलेला रस ठेवून हे दाखवले होते. हवा आत जाऊ शकत होती, पण धूळ वळणात अडकत होती, आणि रस नासत नव्हता. आपल्या स्वयंपाकघरात तशी सोय नसल्याने दाणे ऐन वेळी उकळावेत, बरणी व वाटी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी आणि निकाल एका रात्रीतच पाहावा.

फडक्यात बांधलेल्या मटकीच्या पुरचुंडीत बोटे घातली की आत ऊब जाणवते, हे मोड काढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. ती ऊब श्वसनाचीच असते. एका थर्मासमध्ये मोड आलेली आणि दुसऱ्यात उकळून पूर्ण गार केलेली मटकी निम्म्यापर्यंत भरावी, तापमापक आत ठेवून तोंडे कापसाच्या बोळ्यांनी बंद करावीत आणि काही तासांच्या अंतराने आकडे लिहून ठेवावेत. जिवंत मटकीचे तापमान काही अंशांनी वर चढते. अंधारात मोड काढलेल्या मटकीची लांबी वाढत असताना तिच्यातील कोरडा पदार्थ मात्र घटत असतो, कारण बियांमधला साठा श्वसनासाठी खर्ची पडत असतो. पाण्यामुळे एकूण वजन वाढलेले दिसते, त्यामुळे ही घट तराजूवर सहजी कळत नाही.

चेतनाक्षमता

मोड आलेले दहा-बारा दाणे मातीच्या कुंडीत लावून बुटांच्या खोक्यात ठेवावेत आणि खोक्याच्या एका बाजूला रुपयाएवढे भोक पाडावे. दोन-तीन दिवसांत रोपे भोकाकडे वाकतात. खोका फिरवला की पुन्हा नव्या दिशेने वळतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताच्या कोंबांची टोके झाकली असता कोंब प्रकाशाकडे वाकत नव्हते. म्हणजे प्रकाश टोकाला कळत होता आणि वाकत होता खालचा भाग. टोकाकडून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला अधिक जमते, तिकडच्या पेशी अधिक लांब होतात आणि खोड उजेडाकडे झुकते, हे पुढे स्पष्ट झाले.

मेणबत्तीची ज्योतही वाऱ्याने वाकते, पण वारा तिला ढकलतो म्हणून. रोपाला प्रकाश ढकलत नाही. तो केवळ खूण देतो, आणि वाकण्यासाठी लागणारी ऊर्जा रोप स्वतःच्या साठ्यातून खर्च करते. लाजाळूचे पान मिटते तेव्हाही बोटाच्या जोराने मिटत नाही, तर पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींतले पाणी बाहेर पडून त्या सैल होतात म्हणून मिटते. चेतनाक्षमता शिकवताना हा फरक बहुधा वगळला जातो, आणि मग ‘चेंडूला लाथ मारली की तोही प्रतिसाद देतो’ या मुलांच्या युक्तिवादापुढे शिक्षक अडतात.

प्रजनन : विरजणाची साखळी

प्रजननासाठी विरजणासारखे उत्तम साहित्य नाही. तीन वाट्यांत सारखे कोमट दूध घ्यावे. पहिलीत अर्धा चमचा दही, दुसरीत खळखळून उकळून गार केलेले तेवढेच दही घालावे आणि तिसरीत लिंबाचा रस पिळावा. तिसरे दूध डोळ्यांदेखत फाटते. पहिले सहा-सात तासांत लागते, दुसरे लागत नाही.

नासलेले आणि लागलेले दूध वरवर पाहता एकाच जातीचे वाटते, कारण दोन्हींत आम्लामुळे प्रथिने साकळतात. म्हणून प्रयोग येथे थांबवू नये. पहिल्या वाटीतील अर्धा चमचा दही ताज्या दुधात घालावे, तिसऱ्या वाटीतील अर्धा चमचा चोथापाणी दुसऱ्या ताज्या दुधात घालावे, आणि हाच क्रम आणखी दोन-तीन दिवस चालवावा. दह्याची साखळी तुटत नाही; पाचव्या दिवशीची कवडीही पहिल्या दिवसासारखीच पडते. लिंबाचा प्रभाव पहिल्याच बदलीत इतका पातळ होतो की दूध फाटतच नाही. लिंबाचे आम्ल वाटले की कमी होते, जीवाणू मात्र स्वतःसारखेच जीवाणू तयार करत राहतात आणि आम्ल पुन्हा नव्याने बनवतात. आईकडचे विरजण सासरी नेण्याचा जो प्रघात होता, त्यात खरे तर जीवाणूंचे एक घराणेच एका घरातून दुसऱ्या घरी जात असे.

पेशी

कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा अलगद सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा, टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी आणि प्रत्येकीत पिवळसर-तपकिरी केंद्रक दिसते. शिजवलेल्या कांद्याच्या पापुद्र्यातही पेशींच्या भिंती ओळखू येतात, त्यामुळे पेशीमय रचनेवरून वस्तू सजीवाची आहे एवढेच ठरते. ती आत्ता जिवंत आहे की नाही, हे ठरत नाही. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये ज्या कप्प्यांना पेशी हे नाव दिले, त्या बुचाच्या चकतीतल्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंतीच होत्या.

अडचणीची उदाहरणे

आता मेणबत्तीकडे परत यावे. तिला पेशी नाहीत, आणि मेणापासून ती स्वतःचे शरीर घडवत नाही. एका ज्योतीवरून लावलेली दुसरी ज्योत पहिलीकडून कोणताही वारसा घेत नाही. ती कशी जळेल हे तिचे मेण, वात आणि हवा ठरवतात. खेचराला सहसा संतती होत नाही, म्हणून ते निर्जीव ठरत नाही, कारण त्याच्या पेशी रोज विभागत असतात. गोडा मसाल्यातले दगडफूल हे वाळलेल्या पाचोळ्यासारखे दिसते, पण ते बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन आहे, आणि खडकावर अथवा झाडाच्या सालीवर ते इतके सावकाश वाढते की कोणालाही ते निर्जीव वाटावे. विषाणूंबाबत मात्र हात राखूनच उत्तर द्यावे. तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये मिठासारखा स्फटिकरूपात वेगळा केला. बाटलीत तो ना श्वसन करतो ना वाढतो, आणि पानाच्या पेशीत शिरला की त्याच्या असंख्य प्रती निघतात. त्याला सजीव म्हणावे की नाही, यावर जीवशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही, आणि मुलांना तसे सरळ सांगण्यात कमीपणा नाही.

सर्वांत अवघड उदाहरण डब्यातल्या कोरड्या मटकीचे आहे. ती वाढत नाही, हलत नाही, आणि तिचे श्वसन इतके मंद असते की निवळीला त्याचा पत्ता लागत नाही. जुना, मेलेला दाणा आणि जिवंत दाणा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. इस्राएलमधील मसाडा येथील उत्खननात मिळालेली खजुराची सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये पेरली असता उगवली. पेरण्यापूर्वी ती जिवंत असल्याचे कोणी सांगू शकले नसते. आपल्याकडचा शेतकरी हाच प्रश्न खरिपापूर्वी सोडवतो. घरचे सोयाबीन पेरण्याआधी तो सरसकट १०० दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, रोज पाणी शिंपडतो आणि आठवड्याने गुंडाळी उलगडून निरोगी कोंब मोजतो. ७० किंवा अधिक निघाले तर नेहमीच्या प्रमाणात पेरणी करावी, त्याहून थोडे कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवावे, आणि फारच कमी निघाले तर ते बियाणे बाजूला ठेवून दुसरे शोधावे. मटकीच्या डब्यासाठी २० दाणे आणि एक ओला रुमाल पुरेसा होतो.