विश्वचषकाचा गुणतक्ता स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये

फुटबॉल विश्वचषकाचा गुणतक्ता स्वतः मांडला, की कोणता संघ कोणत्या नियमामुळे पुढे गेला हे नेमके उमगते. हा तक्ता एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये करता येतो आणि तो तपासून पाहण्यासाठी २०२२ च्या कतार विश्वचषकातील ‘क’ गटाइतका चांगला नमुना नाही.

पहिल्या पानावर फक्त सामने असावेत. प्रत्येक सामन्याला एक ओळ द्यावी आणि तीत वेळ, गट, दोन्ही संघ व त्यांचे गोल लिहावेत. गोल याच पानावर भरावेत. बाकी सर्व आकडे सूत्रांनी यावेत. संघांची नावे टंकण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय करावी, कारण नावात एखादे अक्षर जरी वेगळे पडले तरी स्प्रेडशीट तो निराळा संघ समजते. तारीख आणि वेळ एकाच कप्प्यात ठेवून त्यात अडीच तास मिळवावेत, म्हणजे दोह्यात ३० नोव्हेंबरला रात्री १० वाजता सुरू झालेला सामना आपल्याकडे १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला होता हे आपोआप दिसते.

त्याच ओळीत दोन्ही संघांच्या गुणांसाठी दोन स्तंभ जोडावेत. येथे एक काळजी अत्यावश्यक आहे: रिकामा कप्पा सूत्रात शून्य धरला जातो आणि न झालेला सामना ०-० बरोबरीत सुटल्याचे मानून दोघांनाही एकेक गुण मिळतो. म्हणून गोलांचे दोन्ही कप्पे भरलेले असतील तरच गुण द्यावेत, अशी अट सूत्रात घालावी.

दुसऱ्या पानावर ‘समइफ’ (SUMIF, म्हणजे अटीत बसणाऱ्या आकड्यांचीच बेरीज करणारे सूत्र) वापरून प्रत्येक संघाचे गुण, केलेले आणि स्वीकारलेले गोल यांची बेरीज करावी. २०२२ च्या नियमांनुसार क्रम लावण्यासाठी गुणांना १०,००० ने आणि गोलफरकाला (केलेले वजा स्वीकारलेले गोल) १०० ने गुणून त्यांत केलेले गोल मिळवावेत. ‘क’ गटाचे निकाल भरल्यावर अर्जेंटिना ६०,३०५, पोलंड ४०,००२, मेक्सिको ३९,९०२ आणि सौदी अरेबिया २९,८०३ असे आकडे आले, तर सूत्रे बरोबर आहेत.

आता मेक्सिकोने सौदी अरेबियावर मिळवलेला २-१ हा विजय २-० करून पाहावा. मेक्सिकोचा आकडाही ४०,००२ होतो. सालेम अल-दौसारीने भरपाई वेळेत गोल करेपर्यंत प्रत्यक्षात हीच स्थिती होती. परस्परांतील सामनाही ०-० सुटलेला असल्याने पोलंड केवळ कमी पिवळ्या कार्डांमुळे पुढे होता. २०१८ मध्ये जपानने सेनेगलला याच निकषावर मागे टाकले होते. त्यामुळे कार्डांचा स्तंभ हवाच. परस्पर सामन्यांचा निकष मात्र सूत्रात बसवण्याचा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. दोन आकडे सारखे आल्यास कप्पा रंगावा एवढी सोय पुरते आणि पुढचा निवाडा हाताने करता येतो. युरो २०२४ मध्ये गोलफरकाआधी परस्पर सामनेच पाहिले गेले होते, म्हणून स्पर्धेची नियमावली आधी वाचणे आवश्यक आहे.

बाद फेरीसाठी पेनल्टी शूटआऊटचे स्तंभ वेगळे ठेवावेत, कारण ते गोल सामन्याच्या निकालात धरले जात नाहीत: अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना ३-३ असाच नोंदवला जातो आणि ४-२ हा आकडा फक्त विजेता ठरवतो. गटातील सहाही सामने पूर्ण झाल्याखेरीज पुढच्या फेरीत संघाचे नाव उमटू नये, ही अटही सूत्रात घालावी.