छप्पर बदलायला निघालात? आधी ॲटिकमध्ये जाऊन या, आणि या चुका टाळा

हिवाळाभर छपरावर बर्फ बसून राहतो अशा भागात घर असलं की कधी ना कधी वरच्या मजल्यावर, बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीलगतच, छताला पिवळट डाग दिसतो. मग रूफरला फोन, तो येतो, शिडी लावतो, दहा मिनिटांत खाली उतरून सांगतो की शिंगल्स (छपरावर एकावर एक चढवत लावलेले डांबरी तुकडे) गेलेत, सगळं बदलावं लागेल. कधी ते खरंच असतं, पण थंडीतल्या गळतीचं मूळ बरेचदा छपरावर नसतंच, छपराच्या खाली ॲटिकमध्ये, म्हणजे छप्पर आणि वरच्या मजल्याचं छत यांच्यामधल्या पोकळीत असतं. तिथे न बघता नवं छप्पर टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पुढच्या हिवाळ्यात डाग परत हजर.

गळती कधी होते तेच न बघणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पाणी कुठून येतंय हे शोधायच्या आधी ते कधी येतंय ते लिहून ठेवा. वाऱ्यासकट पाऊस आला की गळतंय तर संशय फ्लॅशिंगवर, म्हणजे चिमणी, स्कायलाइट, भिंत आणि छप्पर मिळतं तिथला पत्रा, नाहीतर पाइपभोवतीचं रबर. छपरावर जाड बर्फ आहे, बाहेर कडाक्याची थंडी आहे, पाऊस नाही आणि तरी गळतंय, तर तो आइस डॅम, म्हणजे वळचणीला झालेला बर्फाचा बांध. आणि आठवडाभर थंडी पडून एकदम ऊब आली की एकाच वेळी चार ठिकाणी टपटप सुरू होतं, तेव्हा ते पाणी बाहेरून आलेलंच नसतं, ते तुमच्याच घरातलं, ॲटिकमध्ये जाऊन गोठलेलं आणि आता वितळलेलं बाष्प असतं.

आणि हो, डागाच्या बरोबर वर भोक असेल असं समजू नका. पाणी वाशावरून पाच-सात फूट उतरत येतं आणि मग कुठेतरी पडतं.

आइस डॅमचं गणित साधं आहे. घरातली गरम हवा ॲटिकमध्ये शिरते, छपराचा वरचा भाग तापतो, आढ्याकडचा बर्फ तळातून वितळतो, पाणी खाली वळचणीपर्यंत येतं, आणि वळचणीखाली घर नसल्यामुळे तो भाग थंडगार, तिथे ते परत गोठतं. असा बर्फाचा बांध तयार होतो, मागे पाणी तुंबतं आणि ते शिंगल्सच्या खालून वर चढतं. शिंगल्स वरून खाली जाणारं पाणी घालवायला केलेले असतात, साचलेलं पाणी अडवायला नाहीत, त्यामुळे कितीही महागडे टाकले तरी इथे ते हात टेकतात. शेजाऱ्यांची छपरं पांढरी आणि तुमच्या एकट्याच्या छपरावर बर्फ वितळलेले पट्टे, किंवा वळचणीला लांबच लांब सुळके (फोटोत मस्त दिसतात, कबूल), तर उष्णता वर गळतेय हे समजून जा.

ॲटिकमध्ये न जाणं

कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी टॉर्च घेऊन वर जा. प्लायवूडमधून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दव गोठलेलं दिसतं का बघा, लाकडावर खिळ्याभोवती काळे गोल डाग आहेत का बघा. मग बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप शोधा, तो छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर गेला पाहिजे, पण कित्येक घरांत तो नुसता इन्सुलेशनवर (उष्णता अडवणाऱ्या थरावर) तोंड उघडं टाकून दिलेला असतो आणि रोजच्या आंघोळीची सगळी वाफ तिथे सोडतो. असं असेल तर नवीन छपरानं काहीही फरक पडणार नाही.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा. आधी हवा जाते ती भोकं बंद करायची, म्हणजे ॲटिकची झडप, वायरींची छिद्रं, प्लंबिंगचा पाइप, भिंतींचे वरचे सांधे, आणि मग इन्सुलेशन वाढवायचं. थंड भागात आर-४९ ते आर-६० पर्यंत सांगतात (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, आकडा जितका मोठा तितकी जास्त). लोक उलटं करतात, नुसता थर चढवतात, आणि हवा त्यातूनही आरामात वर जाते. चिमणीभोवती मात्र फोम मारू नका, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट लागतं. छतात बसवलेल्या जुन्या दिव्यांवरही इन्सुलेशन डोळे झाकून टाकायचं नाही, त्यासाठी बनवलेले नसतील तर आगीचा धोका असतो.

आणखी एक, इन्सुलेशन पसरताना वळचणीकडच्या सॉफिट व्हेंटची, म्हणजे वळचणीखालच्या हवेच्या झरोक्यांची तोंडं बुजतात. तिथे बॅफल (इन्सुलेशनला मागे अडवणारा आडोसा) लावून हवेला वाट ठेवायची, हवा खालून सॉफिटमधून आत आणि वर रिज व्हेंटमधून, म्हणजे आढ्यावरच्या फटीतून बाहेर. काहीजण रिज व्हेंट असताना वर पॉवर फॅनही (हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखा) बसवतात, मग तो फॅन जवळच्या रिज व्हेंटमधूनच हवा ओढतो, सॉफिटकडची हवा जागच्या जागी, आणि वर घरातली गरम हवाही खेचतो. दोन्ही असलं की जास्त चांगलं असं इथे नसतं.

बदलताना होणारी काटकसर

आता समजा छप्पर खरंच बदलायचंय. जुन्या शिंगल्सवरच नवा थर टाकून देतो, स्वस्तात पडेल असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. खालचं प्लायवूड कुजलंय का ते कळत नाही आणि आइस डॅमसाठी जी चिकट मेंब्रेन (शिंगल्सखाली पाणी अडवणारा पातळ थर) लागते ती जुन्या थराखाली घालताच येत नाही.

ही मेंब्रेन वळचणीच्या कडेपासून सुरू करून बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंच गेली पाहिजे. रोल असतो ३६ इंच रुंद, आणि तुमची वळचण भिंतीबाहेर दोन फूट असेल तर एका रोलमध्ये भिंतीच्या आत जेमतेम फूटभर जातं, म्हणजे दोन पट्टे लागणारच. कोटेशनमध्ये नुसतं "मेंब्रेन लावू" असं असेल तर किती पट्टे ते विचारा, बहुतेकांची गोची इथेच होते.

जुनं फ्लॅशिंग तसंच ठेवून वर सीलंट फासणं हाही नेहमीचा प्रकार, सीलंट थंडीत आकसतं, तडकतं आणि मग परत तेच. पाइपभोवतीची रबरं पण नवीन घ्या, ती शिंगल्सच्या बरीच आधी फाटतात. खिळे शिंगलवर आखलेल्या पट्टीतच हवेत, चार, जोराचा वारा असेल तिथे सहा.

ऐन थंडीत काम करायची वेळ आली तर एक माहिती ठेवा, साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली शिंगल्सची चिकट पट्टी आपोआप चिकटत नाही आणि शिंगल्स कडकही होतात, त्यामुळे प्रत्येकाखाली हातानं रूफ सिमेंट लावावं लागतं. ते करणार का हे लेखी घ्या. कुजलेल्या प्लायवूडचा दर शीटप्रमाणे आधीच ठरवा, छप्पर उघडं पडल्यावर घासाघीस करायला तुमच्याकडे काहीच नसतं.

हिवाळ्यातले उद्योग

कुऱ्हाड, हातोडी घेऊन बर्फ फोडायला जाऊ नका, थंडीत शिंगल्स ठिसूळ असतात, बर्फाबरोबर तेही निघतात, आणि शिडीवरून घसरलात तर छप्पर राहिलं बाजूला. जमिनीवर उभं राहून रूफ रेकनं (लांब दांड्याच्या खोऱ्यानं) वळचणीकडचा तीन-चार फूट बर्फ ओढा, अगदी तळापर्यंत खरवडू नका. बांध झालाच असेल तर बर्फ वितळवणारं कॅल्शियम क्लोराइड कापडी नळीत भरून आडव्या बांधावर उभं ठेवा, पाण्याला वाट होते. साधं मीठ नको, पत्रा आणि खालची झाडं दोन्ही खराब होतात. शेवाळ दिसलं म्हणून प्रेशर वॉशरही नको, शिंगलवरचे खडे निघून जातात.

काम झाल्यावर शेवटचे पैसे द्यायच्या आधी परत एकदा ॲटिकमध्ये जाऊन या, फॅनचा पाइप खरंच बाहेर जोडलाय ना आणि रिज व्हेंटखालचं लाकूड कापलंय ना ते बघा, कधीकधी वर व्हेंट बसवतात आणि खाली फटच नसते. मेंब्रेन झाकली जाण्याआधीचे फोटो मागून घ्या. पडलेले खिळे उचलायला अंगणात चुंबक फिरवायला लावा. आणि न फोडलेला शिंगल्सचा एक गठ्ठा घरात ठेवून घ्या, पुढे दोन शिंगल्स उडाले तर तोच रंग बाजारात असेल याची काही खात्री नाही.