पेटीची सवय आणि शोपँचं प्रील्यूड

आमच्या बडोद्यात दांडिया बाजाराकडून पियानो शिकायला येणारी बरीच मुलं आधी पेटी वाजवून आलेली असतात. पेटीत भाता चालू असेपर्यंत सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की तो लगेच विरायला लागतो. शोपँ या संगीतकाराचं ई मायनर प्रील्यूड (पियानोची छोटी रचना; ऑपस 28, क्रमांक 4) शिकवताना हेच आडवं येतं. उजव्या हातात तीन मात्रांचा लांब 'बी' हा सूर, मग एका मात्रेचा 'सी', पुढच्या मापात (चार मात्रांच्या गटात) परत 'बी'. मुलं तो 'सी' ठोकतात आणि सुरांची ओळ तिथेच तुटते.

'बी' वाजवून मुलाला नुसतं ऐकायला लावा. चौथ्या मात्रेला जेवढा आवाज उरलाय, तेवढ्यातच 'सी' बसवायचा. त्याआधी ओळ गाऊन घ्या आणि श्वास पडेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. (तुमचा गळा बरा नसला तरी चालतं, माझाही नाही.)

डाव्या हातात एकाच कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे) ठोके सारखे पडत राहतात. सुरुवातीला ते वाजवूच नका. कॉर्ड धरून ठेवा, सूर बदलेल तिथेच नवा घ्या. बहुतेकदा एखादंच बोट अर्धा सूर खाली सरकतं. ते कुठलं, हे मुलालाच शोधू द्या. मग ठोके सुरू करा, पण बोटं पट्टीला चिकटलेली हवीत. पेडल कॉर्डबरोबर बदला.

'स्ट्रेट्टो' (वेग वाढवायची सूचना) सोळाव्या मापात आहे. मुलं बाराव्यालाच पळायला लागतात, तेव्हा सांभाळा.