राजकीय मुलाखतीतला प्रश्न

ठाण्यातल्या एखाद्या नगरसेवकाची मुलाखत घ्यायची असेल, तर ‘पाण्याबद्दल काय सांगाल?’ असा मोघम प्रश्न विचारू नये, कारण त्यावर हमखास भाषण ऐकावे लागते. त्याऐवजी ‘घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या टँकरचा विषय तुम्ही सभागृहात शेवटचा कधी मांडलात?’ असे विचारावे, म्हणजे उत्तर तारखेतच द्यावे लागते. समोरचा ‘हे बघा’ म्हणून विरोधकांवर घसरला, की त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत, आवाज न चढवता पुन्हा विचारावा. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात १९९७ साली जेरेमी पॅक्समन यांनी माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न दहाहून अधिक वेळा विचारला होता, आणि थेट उत्तर न मिळणे हीच तिथे बातमी ठरली.

उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहावे. मला हे सर्वांत परिणामकारक वाटते, कारण ती शांतता भरून काढताना माणूस बरेचदा पाठ केलेल्या उत्तरापलीकडचे बोलून जातो. आपल्याकडच्या चर्चांमध्ये नेमकी हीच जागा सूत्रसंचालक स्वतःच्या मताने भरतात, हे मनापासून खटकते. कागदावर पाचच प्रश्न असावेत, आणि नजर कागदावर नव्हे, समोरच्याच्या चेहऱ्यावर असावी.