गॅरेजमध्ये किट विमान बांधताय? या चुका टाळा

किट विमान (सुटे भाग विकत घेऊन घरी जोडायचं विमान) बांधताना माणूस अवघड कामात फारसा अडकत नाही, तिथे तो जपूनच असतो. घोटाळा होतो सोप्या कामात, रात्री उशिरा "एवढं एक उरकून टाकू" म्हणून केलेल्या. मी इथे अ‍ॅल्युमिनियमच्या, रिव्हेटवाल्या (रिव्हेट म्हणजे पत्रे कायमचे जोडणारी, डोकं असलेली छोटी धातूची पिन) किटबद्दल लिहितोय.

आधी रिव्हेट, कारण ते हजारोंनी ठोकायचे असतात. ठोकल्यावर मागे तयार होणारं डोकं दांड्याच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, त्यासाठी छोटं गेज मिळतं ते कायम खिशात ठेवा. नवीन माणूस काय करतो, डोकं जरासं तिरकं दिसलं की लगेच ड्रिल घेऊन तो रिव्हेट काढायला बसतो, मग भोक लंबगोल होतं, नवा रिव्हेट त्यात सैल बसतो आणि ठोकताना आडवा पडतो, की परत ड्रिल. मी असं एकाच भोकात तीनदा केलंय आणि शेवटी अख्खी रिब (पंखाला आकार देणारी आतली फासळी) बदलावी लागली. त्यामुळे गेजमध्ये पास होत असेल तर हात लावू नका, खरंच. काढायचाच असेल तर कारखान्यातून आलेल्या डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करा, ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीपर्यंतच जाऊ द्या, भोकात पंच घालून बाजूला दाबा, डोकं तुटून येतं. मग पत्र्याला मागून लाकडाचा आधार देऊन दांडा हळूच बाहेर ठोका. तरीही भोक मोठं झालंच तर पुढच्या मापाचा रिव्हेट चालतो का हे किटवाल्यांना विचारा, पण त्याआधी भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड किती लांब आहे ते मोजा, रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट तरी अंतर लागतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन डाव्या रिब्स. डावं-उजवं आरशातल्यासारखं असतं आणि डिंपल (रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून भोकाभोवती पाडलेला खळगा) उलट्या बाजूने पडला की तो पार्ट गेला. दोन्ही शेजारी ठेवून, बाहेरची बाजू कुठली ते मार्करने लिहून मगच डाय (डिंपल पाडायचा साचा) लावा. शिसपेन्सिल मात्र नको, तिच्यातल्या ग्राफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं.

पत्र्यावरचं निळं प्लास्टिक पण "ओरखडे नको पडायला" म्हणून वर्षानुवर्षं ठेवू नका, ते चिकटून बसतं आणि खाली ओल धरली की डाग पडतात.

बोल्ट आवळताना युनिट वाचा, पुन्हा वाचा. ३/१६ इंची एएन३ (विमानाच्या बोल्टचं एक माप) बोल्टला साध्या नटवर २० ते २५ इंच-पाउंड टॉर्क (आवळायचा पीळ) असतो. पाना फूट-पाउंडचा असेल आणि तोच आकडा लावला तर बारा पट होतं, बोल्ट तुटतोच. आणि बोल्टभोवती जोड फिरत असेल, उदा. कंट्रोलचा, तर तिथे नायलॉनचा लॉकनट चालत नाही, खाचांचा नट आणि कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची पिन) हवी.

पेट्रोलची टाकी गळते, हा सगळ्यांचाच त्रास. टेस्ट करताना कॉम्प्रेसर थेट जोडू नका, सांधे फाटतात. व्हेंटला (टाकीत हवा येण्याजाण्याच्या नळीला) साधा फुगा लावा, हलकी हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा आणि बुडबुडे शोधा. फुगा लहान झाला म्हणजे गळती आहेच असं नाही हं, गॅरेज थंड झालं तरी तो आकसतो, म्हणून तापमान लिहून ठेवा. बुडबुडा सापडला की बाहेरून सीलंट थापून काही होत नाही. टाकीचं इन्स्पेक्शन कव्हर उघडा, आतून ती जागा घासा, सॉल्व्हंटने पुसा, आणि बोट लागायच्या आत सीलंट लावा. पूर्ण सुकल्यावर फुगा परत लावून बघा.