हिरव्या काचेचे तुकडे

माझा आतापर्यंतचा एकमेव विमान अपघात झाला तो चालत्या माणसाच्या वेगाने, आणि जमिनीवर. आडव्या वाऱ्यात लँडिंग झकास झालं होतं. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत मी सेस्ना १७२ हे छोटं विमान हँगरकडे, म्हणजे विमान ठेवायच्या शेडकडे, आणत होते. आडगावची छोटी धावपट्टी, टॉवर वगैरे काही नाही. डावीकडे एक विमान दोरांनी बांधून ठेवलेलं. त्याला लागू नये म्हणून मी उजवीकडे सरकत गेले, नजर अर्थात डावीकडेच. उजवीकडून ‘टक्क’ असा आवाज आला, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तेवढाच. खाली उतरून पाहिलं तर पंखाचं टोक हँगरच्या खांबाला टेकलेलं आणि गवतात हिरव्या दिव्याच्या काचेचे तुकडे.

नव्याने शिकणाऱ्यांना म्हणून सांगते, टॅक्सी करणं, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं, हे गाडी चालवणं नव्हे. १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर आहेत. तुम्ही बसता डाव्या सीटवर, म्हणजे उजवं टोक तुमच्यापासून साडेपाच मीटरहून जरा लांबच. शिवाय पंख डोक्यावर असल्याने जमिनीवरच्या खांबाशी त्याचं अंतर नजरेला नीट जोखता येत नाही. पंख खाली असलेल्या विमानात टोक दिसतं खरं, पण ते नेमकं कुंपणाच्या उंचीवर असतं! वळताना आणखी एक गंमत होते: आतलं चाक जवळजवळ जागच्या जागी फिरतं आणि बाहेरचं टोक मोठा फेरा घेतं. शेपूट उलट्या बाजूला जाते, ती तर कुणी बघतच नाही.

मोठ्या विमानतळावर पिवळी रेघ असते आणि दोन्ही बाजूंना किती जागा लागेल याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. इथे तो तुम्हीच करायचा. काल मोकळी असलेल्या जागेत आज इंधनाचा ट्रॉली उभा असू शकतो. रेडिओवर आपली जागा सांगत राहा, पण सगळ्यांकडे रेडिओ असेलच असं धरून चालू नका.

पुढची चूक माझ्या हातून थोडक्यात टळली. रन-अपच्या, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासायच्या वेळी, ते १८०० आरपीएमवर (मिनिटाला १८०० फेरे), डोकं चेकलिस्टमध्ये, भरवसा पार्किंग ब्रेकवर. मान वर केली तर पुढचं विमान जवळ आलेलं. जवळ आले होते मीच! तेव्हापासून पाय ब्रेकवर आणि दर ओळीनंतर एक नजर बाजूच्या एखाद्या खुणेवर. पंखाचं टोक घासलं तर त्यातल्या त्यात स्वस्तात सुटलात म्हणायचं. प्रॉपेलर कशावर आदळला, तर पातं सरळ दिसत असलं तरी इंजिन उघडून तपासावं लागतं.

शेपटीखाली चाक असलेल्या विमानात नाकाआड समोरचं काहीच दिसत नाही, तिथे नागमोडी जात दोन्हीकडून बघत राहायचं. त्याचा मला फारसा अनुभव नाही.

आता पुन्हा त्या खांबापाशी. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो थोडं थ्रॉटल देऊन, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवून, पुढे निघून जायचा. कुणी पाहिलं नव्हतं. नशीब, हात आधी मिक्श्चरकडे, म्हणजे इंजिनाचं इंधन तोडायच्या दांड्याकडे, गेला आणि इंजिन बंद झालं. मला शिकवणारे सर आले, पण ओरडले नाहीत. टोकापासून मुळापर्यंत पंखावरून सावकाश तळवा फिरवत गेले, पत्र्याला कुठे सुरकुती पडलीय का ते बघत. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर-खाली करून बिजागऱ्या पाहिल्या. ‘‘मेकॅनिकने पाहिल्याशिवाय हे उडणार नाही,’’ एवढंच बोलले, आणि टो-बार, म्हणजे विमान हाताने ओढायचा दांडा, माझ्या हातात दिला.

उरलेलं अंतर आम्ही दोघांनी ढकलत नेलं. फार तर वीस पावलं होती.